सोलार पार्क, सौर कृषी वाहिनी आणि आपली लाईट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दोन-तीन वर्षांत गावोगावी सबस्टेशनच्या बाजूला निळ्या-काळ्या पॅनलच्या रांगा दिसायला लागल्यात आणि त्यावरून चावडीवर, ग्रुपवर, पाहुण्यांकडे तेच तेच प्रश्न येतात. काही प्रश्न खूप चांगले असतात, काही अफवा असतात, पण दोन्हीची नीट उत्तरं द्यायला हवीत म्हणून हे सगळं एका जागी लिहिलंय. छतावरच्या सोलारबद्दल इथे फारसं नाहीये, वीज कंपन्यांसाठी जे मोठ्या प्रमाणात सोलार उभं राहतंय त्याबद्दल आहे.

मोठं सोलार म्हणजे नक्की किती मोठं? घरावरच्या सोलारपेक्षा काय वेगळं?

घरावर ३ किलोवॅट बसवलं की वीज आधी तुमच्या घरात वापरली जाते, उरली तर बाहेर जाते. मोठ्या प्रकल्पाचं तसं नसतं, तिथली सगळी वीज थेट ग्रिडमध्ये म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात जाते आणि ती वीज कंपनीला विकलेली असते, बहुतेक वेळा २५ वर्षांच्या कराराने, ज्याला पीपीए म्हणतात. साइझ म्हणाल तर अर्धा मेगावॅटपासून (१ मेगावॅट म्हणजे १,००० किलोवॅट) हजारो मेगावॅटपर्यंत काहीही. १ मेगावॅटला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला १६-१८ लाख युनिट निघतात, पॅनल सूर्याबरोबर फिरणारे म्हणजे ट्रॅकरवाले असले तर अजून जास्त. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे जमिनीच्या प्रश्नात लागतील.

सौर पंप योजना आणि सौर कृषी वाहिनी एकच ना?

नाही, आणि हा गोंधळ सगळ्यात जास्त आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये तुमच्या विहिरीवर तुमचे पॅनल आणि तुमचा पंप येतो, तुम्ही १० टक्के हिस्सा भरता, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. तो पंप ग्रिडला जोडलेला नसतो. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' मध्ये तुमच्या शेतात काहीच येत नाही, तुमची मोटर आहे तीच, मीटर-डीपी-तारा त्याच, फक्त तुमचा अ‍ॅग फीडर (शेतीपंपांना वीज नेणारी लाईन) ज्या सबस्टेशनवरून निघतो त्याच्या जवळ काही मेगावॅटचा सोलार प्लांट बसतो आणि त्या फीडरला दिवसा वीज मिळते. वाहिनी म्हणजे तो फीडरच. २०१७ ला ही योजना सुरू झाली, सुरुवातीला फार हळू चालली, २०२३ मध्ये २.० आली तेव्हा खरा वेग आला आणि २०२४ च्या मार्चपर्यंत ९,००० मेगावॅटच्या आसपासची कामं एकदम दिली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या पाच प्लांटचं लोकार्पण झालं, वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव त्यातलंच, पाचही मिळून फक्त १९ मेगावॅट होते, पण सुरुवात झाली.

एवढी स्वस्त कशी काय झाली सोलार वीज? आधी तर परवडतच नाही म्हणायचे.

आधी खरंच परवडत नव्हती. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं तेव्हा केंद्रीय नियामक आयोगाने सोलारचा दर धरला होता युनिटला १७.९१ रुपये. मग लिलाव सुरू झाले, जो सर्वात कमी दर सांगेल त्याला काम, पहिल्याच फेरीत दर ११ रुपयांच्या खाली आला, २०११ मध्ये साडेसातच्या आसपास. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाला पहिल्या वर्षाचा दर २.९७ निघाला (त्यातली काही वीज दिल्ली मेट्रो घेते), तीनच महिन्यांनी राजस्थानात भडलाला २.४४, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात चक्क १.९९. त्यानंतर थोडा वर गेला आणि अडीच रुपयांच्या आसपास घुटमळतोय.

कारणं बरीच आहेत पण मुख्य म्हणजे पॅनल. चीनने इतके प्रचंड कारखाने टाकले की पॅनलची किंमत दहा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पडली. दुसरं कारण लोक विसरतात ते म्हणजे व्याज. सोलार प्लांटला कोळसा घ्यावा लागत नाही, सगळा खर्च पहिल्याच दिवशी होतो, त्यामुळे कर्ज किती टक्क्याने मिळालं यावर युनिटचा दर ठरतो. २५ वर्षं वीज कोण घेणार आणि पैसे वेळेवर देणार का याची खात्री असली की बँक स्वस्तात कर्ज देते, रीवाचा दर पडला त्यात करार नीट लिहिले होते आणि पैसे बुडाले तर राज्याची हमी होती याचा मोठा वाटा आहे. म्हणून मी म्हणतो की डिस्कॉमने म्हणजे वीज वाटणाऱ्या कंपनीने ठेकेदाराचे पैसे थकवले तर पुढच्या लिलावात दर वाढूनच येणार आणि तो आपण भरणार.

देशात सध्या किती सोलार आहे?

२०१५ मध्ये टार्गेट ठरवलं होतं २०२२ पर्यंत १०० गिगावॅट (१ गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट). ते हुकलं, २०२२ संपताना ६३ च्या आसपास होतो. १०० चा आकडा जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला. आता पुढचं लक्ष्य २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म (कोळसा-तेल-गॅस न जाळता केलेली) वीज, त्यात सोलारचाच वाटा सर्वात मोठा असणार.

मोठी नावं सांगायची तर राजस्थानात भडला, २,२४५ मेगावॅट. कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यात पावगडा, २,०५० मेगावॅट, १३,००० एकरावर. कच्छमध्ये खावडा, तिथे सोलार आणि वारा मिळून ३०,००० मेगावॅटचा प्लॅन आहे आणि काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. आपल्याकडे धुळ्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्लांट २०१३ पासून आहे, त्या काळी तो देशातल्या मोठ्या प्लांटमध्ये मोजला जायचा.

एवढं सोलार झालं तर मग कोळसा कमी का होत नाही?

कारण क्षमता आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये मुद्दाम की चुकून माहीत नाही पण नेहमी क्षमताच सांगतात. २०२५ च्या मध्यात जाहीर झालं की देशाच्या एकूण क्षमतेत निम्मी आता बिगर-जीवाश्म आहे. बरोबर आहे. पण सोलार प्लांट रात्री शून्य, सकाळ-संध्याकाळी थोडं आणि दुपारी पूर्ण असं चालतं, वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या २० ते २५ टक्केच. कोळशाचा प्लांट त्याच्या दुप्पट-तिप्पट चालतो. म्हणून वर्षभरात तयार होणाऱ्या युनिटमध्ये सोलार अजून दहा टक्क्यांच्या आत आहे आणि कोळसा सत्तरच्या वर. कोणी म्हणालं की आता आपण निम्मे हिरवे झालो तर शांतपणे विचारा, मेगावॅटमध्ये की युनिटमध्ये?

मग रात्रीचं काय?

खरा प्रश्न रात्रीचा कमी आणि संध्याकाळचा जास्त आहे. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटच्या विक्रमावर गेली, ती दुपारची वेळ होती, सोलार जोरात चालू होतं, निभावलं. अडचण येते संध्याकाळी साडेसहा-सातनंतर, सूर्य मावळलेला, ऑफिसं अजून चालू, घरात एसी-टीव्ही-मिक्सर सगळं सुरू, आणि तासाभरात सोलारचे हजारो मेगावॅट गायब. ती तूट भरून काढायला कोळशाचे संच दिवसभर मंद चालवून संध्याकाळी झपाझप वर न्यावे लागतात आणि जुने संच यासाठी बनलेलेच नाहीत.

उपाय दोन-तीन आहेत. एक, पाणी वर चढवून ठेवायचं, म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात आणि संध्याकाळी तेच सोडून वीज. हे आपल्याला नवीन नाही, घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे आणि सह्याद्रीसारखा एकदम तुटलेला कडा ज्यांच्याकडे आहे त्यांना याचा मोठा फायदा आहे, महाराष्ट्रात असे बरेच नवे प्रकल्प रांगेत आहेत. दोन, बॅटरी. २०२४ मध्ये केंद्राच्या सेकी या सौर वीज महामंडळाने सोलार आणि काही तासांची बॅटरी असं एकत्र टेंडर काढलं त्यात दर साडेतीन रुपयांच्या आसपास आले, पाच वर्षांपूर्वी कोणी असं म्हणालं असतं तर लोक हसले असते.

आणि तिसरा उपाय, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं: मागणीच दिवसा आणायची. साठवणीवर खर्च करण्याआधी जे काम दिवसा होऊ शकतं ते दिवसा करा. आणि महाराष्ट्रात असं सगळ्यात मोठं काम आहे शेतीचं पाणी.

शेतीला दिवसा वीज, हे खरंच होणार का? इतकी वर्षं ऐकतोय.

राग समजतो. राज्यात ४५ लाखांच्या आसपास कृषी पंप आहेत आणि वर्षानुवर्षं त्यांना पाळीने लाईट, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री अकराला लाईट आली की थंडीत गव्हाला, हरभऱ्याला दारं धरायला जायचं, उसात बिबट्या, बांधावर साप, ओल्या हातानी स्टार्टर. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको, आणि शहरातल्या ज्यांना वाटतं की शेतकऱ्याला फुकट वीज मिळते मग तक्रार कसली, त्यांनी एकदा जानेवारीत रात्री दोन वाजता शेतात पाणी भरून बघावं.

हे रात्रीचं का होतं, तर दिवसा उद्योगांची आणि शहरांची मागणी असायची आणि रात्री कोळशाची वीज उरायची, ती शेतीला ढकलायची. सोलारने हे गणित उलटं केलंय, आता दुपारी वीज उरते. म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज देणं हे आता उपकार नाहीत, ग्रिडच्याच सोयीचं आहे. आणि पिकाचा हंगाम बघा, आपल्याकडे जुलै-ऑगस्टला ढग असतात तेव्हा सोलार कमी आणि मोटरही बंद, ऑक्टोबर ते मार्च रब्बीला आकाश स्वच्छ आणि तेव्हाच पाणी भरायचं. यापेक्षा चांगला जोड शोधून सापडणार नाही.

हिशोब म्हणाल तर ५ एचपीची मोटर म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅट, म्हणजे ४ मेगावॅटचा प्लांट कागदावर हजारभर मोटरी एकाच वेळी चालवू शकतो, सकाळ-संध्याकाळी आणि ढग आल्यावर कमी पडेल ते ग्रिडमधून येतं कारण फीडर ग्रिडला जोडलेलाच आहे. वीज लांबून चंद्रपूर-कोराडीहून आणायची नाही त्यामुळे वाटेतली गळती वाचते. दर पडतो ३ रुपयांच्या आसपास. शेतीला वीज पोचवायचा सध्याचा खर्च सरकार स्वतःच ८ रुपयांच्या घरात सांगतं, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे म्हणजे हा खर्च सरकारी तिजोरीतून जातो, त्यामुळे प्रत्येक युनिटमागे वाचणारे पैसे सगळ्यांचेच आहेत.

कधी होणार? प्लांट झाला म्हणजे लगेच होईल असं नाही. तुमच्या भागात अ‍ॅग फीडर गावठाणापासून वेगळा झालाय का, सबस्टेशनची क्षमता आहे का, डीपी जळकी आहे का, हे सगळं आधी नीट लागतं. आपल्या सबस्टेशनला जाऊन विचारा, नाव घेऊन विचारा की आमचा फीडर कोणत्या प्लांटला जोडलाय.

आमच्या गावात प्लांट चालू असतो, समोर दिसतो, तरी लाईट गेली की आमची पण जाते. असं का?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण तो अगदी डोळ्यासमोरचा आहे. प्लांटमधले इन्व्हर्टर (पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारी यंत्रं) ग्रिडच्या मागे मागे चालतात, ग्रिडची वीज गेली की ते स्वतःहून एक-दोन सेकंदांत बंद होतात, तसं करणं बंधनकारकच आहे. कारण पोलवर चढलेला वायरमन समजतो लाईन बंद आहे, आणि प्लांटने वीज सोडली तर तो जागेवर जाईल. बॅटरी आणि वेगळी यंत्रणा टाकून गाव स्वतंत्र चालवता येतं पण त्याचा खर्च वेगळा, सध्याच्या योजनेत ते नाही.

जमीन भाड्याने मागायला आलेत. द्यावी का?

सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आहे, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. पडीक, मुरमाड, पाणी नसलेली जमीन असेल तर हे चांगलं उत्पन्न आहे, दुष्काळ असो की भाव पडो, पैसे येणार. पावगड्याला सुरुवातीचं भाडं एकरी २१ हजार होतं, त्या मानाने आपलं बरंच बरं.

पण डोळे उघडे ठेवून द्या. वरचे दोन आकडे आठवा: १ मेगावॅट, साडेचार एकर, वर्षाला १७ लाख युनिट, ३ रुपयांनी ५१ लाखांची वीज. त्यातलं तुमचं भाडं सव्वादोन लाख, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. कंपनीने कोट्यवधी गुंतवलेत, कर्जाचा हप्ता तिचा आहे, त्यामुळे हे अन्यायाचं आहे असं मी म्हणत नाही, पण बोलणी करताना हा आकडा तुमच्या डोक्यात असायला हवा. ओलिताखालची काळी जमीन देऊ नका, माझं स्पष्ट मत आहे. करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो, म्हणजे आज तुमचा मुलगा दहावीला असेल तर जमीन परत येईल तेव्हा तो चाळिशीला आलेला असेल, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना, बहिणींनाही, ज्यांचं सातबाऱ्यावर नाव आहे त्यांना, बसवून बोला. करार नोंदणीकृतच करा. मधेच कंपनी विकली गेली तर नवा मालक त्याच अटी पाळणार का, भाडं थकलं तर काय, शेवटी काँक्रीटचे पाये कोण काढणार, आणि त्या जमिनीवर कंपनी कर्ज काढणार का, हे चार प्रश्न वकिलाकडून लिहून घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणि गायरान?

इथे मी जास्त सावध आहे. सरकारी जमीन स्वस्तात मिळते आणि तिथे मालकांशी बोलणी करावी लागत नाहीत, म्हणून प्लांट गायरानावर टाकायचा कल असतो. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी ५ लाख मिळतात हे खरं. पण गायरानावर ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या चरतात त्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं, त्यांना भाडं मिळत नाही, आणि एकदा कुंपण पडलं की ते कायमचे बाहेर. पावगड्यात पण हेच झालं, जमीनवाल्यांना भाडं सुरू झालं आणि भूमिहीन मजुरांचं शेतातलं काम गेलं. मी सोलारच्या बाजूचा आहे आणि म्हणूनच सांगतो, ग्रामसभेत मेंढपाळांना आधी बोलवा, चराईला पर्यायी जागा ठरवा, मग ठराव करा. नाहीतर पुढे भांडणं होतात, काम अडतं आणि बदनामी सोलारची होते.

पॅनलमुळे पाऊस कमी होतो, ढग पळतात, रेडिएशन होतं असं म्हणतात.

नाही. चार-पाच मेगावॅटच्या प्लांटने पाऊस हलत नाही. पॅनलच्या अगदी जवळ हवा दुपारी थोडी जास्त तापते, हे खरं, पण कुंपणापासून लांब गेलं की फरक जाणवत नाही. रेडिएशन म्हणाल तर तुमच्या डीपीजवळ असतं तितपतच.

मे महिन्यात विदर्भात तर तुफान वीज निघत असेल ना?

तसं नसतं, पॅनलला ऊन हवं असतं, गरमी नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं, आणि मेच्या दुपारी पॅनलचं स्वतःचं तापमान ६० च्या वर जातं, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. त्यात धूळ. म्हणून फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, जरा गार दिवस कधीकधी मेपेक्षा भारी पडतात.

धुवायला पाणी किती जातं?

पूर्वी टँकरने महिन्यातून एक-दोनदा धुवायचे. दुष्काळी भागात याला विरोध होतो आणि तो बरोबरच आहे. मोठ्या पार्कमध्ये आता बिनपाण्याचे, ब्रशवाले रोबो आलेत, छोट्या प्लांटवर अजून पाणीच वापरतात. ग्रामपंचायतीने करारात लिहून घ्यावं की गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवातून पाणी घ्यायचं नाही.

राजस्थानात तयार वीज वाया घालवतात हे खरं आहे का?

हो, आणि वाईट वाटतं. सोलार पार्क वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, पण वीज वाहून नेणाऱ्या ७६५ केव्हीच्या म्हणजे खूप जास्त दाबाच्या लाईनला जागा, परवानग्या, टॉवर असं करत तीन वर्षं आणि वर लागतात. त्यामुळे दुपारी लाईनमध्ये जागाच नसते आणि प्लांटला सांगतात उत्पादन कमी करा. त्यात माळढोकचा प्रश्न. हा पक्षी जड आहे, समोरचं नीट दिसत नाही, तारांवर आदळून मरतो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश शिथिल केला. सोलापूरच्या नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, तिथे हा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत जवळजवळ संपला, त्यामुळे निदान आपण तरी हे पक्षीप्रेमींचं खूळ म्हणून उडवून लावू नये. लाईन कुठून जाणार हे पार्कच्या आधी ठरवलं तर पक्षी आणि वीज दोन्ही वाचतात.

म्हणूनच मला महाराष्ट्रासाठी सबस्टेशनजवळचे विखुरलेले प्लांट जास्त पटतात. दर थोडा जास्त पडतो, अडीचच्या ऐवजी तीन, पण लांबच्या लाईनची वाट बघावी लागत नाही.

पॅनल चायनाचेच ना सगळे?

आता पॅनलची जोडणी बऱ्यापैकी भारतात होते. २०२२ मध्ये बाहेरच्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के ड्युटी लागली, शिवाय सरकारी कामात मान्यताप्राप्त यादीतलेच पॅनल लागतात. पण आतला वीज तयार करणारा सेल आणि तो ज्या सिलिकॉनच्या पातळ चकतीपासून बनतो तो वेफर यासाठी आपण अजून चीनवर बऱ्यापैकी अवलंबून आहोत.

माझं घरचं बिल कमी होणार का?

लगेच आणि सरसकट नाही. युनिटच्या दरात जुने कोळशाचे करार, तारांचा खर्च, गळती, थकबाकी सगळं असतं, सोलार स्वस्त झालं म्हणून ते जात नाही. पण वेळेनुसार दर येतायत, केंद्राच्या २०२३ च्या नियमांत सोलारच्या तासांत दर कमी आणि संध्याकाळी जास्त असं ठरलंय, आधी उद्योग-दुकानांना आणि मग स्मार्ट मीटर असलेल्या घरांना. त्यामुळे वॉशिंग मशीन, गीझर, पाण्याची टाकी भरायची मोटर, गाडीचं चार्जिंग जमेल तितकं दुपारी न्या, सवय आत्तापासून लावली तर सोपं जाईल.

२५ वर्षांनी त्या पॅनलचं काय करणार?

पॅनल एकदम बंद पडत नाही, दरवर्षी अर्धा टक्क्याच्या आसपास उत्पादन कमी होत जातं. त्यात बहुतेक काच आणि अ‍ॅल्युमिनियम असतं, ते निघतं, पण थोडं शिसं आणि चांदी पण असते, ते भंगारवाल्याकडे फोडायचं काम नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलार पॅनल घेतलेत, पण पुनर्वापराचे कारखाने आपल्याकडे अजून फार कमी आहेत. तोपर्यंत गावात फुटलेले पॅनल कुठे पडलेले दिसले तर फोटो काढा आणि ग्रामपंचायतीमार्फत कंपनीला लेखी कळवा, परत नेणं त्यांचं काम आहे.